मरळ आणि लाकडी बेडूक

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा तळ्यातले मासे माणसांशी बोलत, आणि माणसं कितीही दमलेली असली तरी ऐकून घेत.

एका डोंगराच्या पायथ्याशी मोठं तळं होतं आणि तळ्याच्या काठाला एक गाव. गावात सगळेच मासे धरीत, पण जाळं कुणी टाकत नसे. जाळं टाकलं की तळं रिकामं होतं, असं वाडवडिलांनी सांगून ठेवलं होतं. ज्याने त्याने काठी घ्यावी, दोरीला गळ बांधावा आणि आपल्या चुलीपुरता मासा आणावा, अशी रीत होती.

आणखी एक रीत होती. आजाऱ्याच्या ताटातला मासा त्याच्या घरच्याच माणसाने धरलेला असला पाहिजे. शेजाऱ्याने दिलेला चालत नसे. ही रीत कुणी घातली आणि कशासाठी, हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्या रीतीचं कारण माहीत असतं ती एखाद वेळी मोडता येते. जिचं कारणच माहीत नाही, ती मोडायला फार धीर लागतो.

त्या गावात एक तरुण आई राहत होती. नवरा राजाच्या होड्यांबरोबर खालच्या मुलखात गेलेला. घरात गुडघ्यांनी जेरीला आलेली सासू आणि एक लहानगी लेक. लेकीला सगळे बयो म्हणत.

आईचा स्वभाव मोठा काळजीखोर. दूध उतू जाईल म्हणून ती आधीच फडकं शोधायला जाई, आणि ती फडकं शोधत असतानाच दूध उतू जाई.

त्या पावसाळ्यात बयोला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची भूक घेऊन गेला. पेजेची वाटी तोंडाशी नेली की बयो मान फिरवायची. गाल बसले. हातापायांच्या काड्या झाल्या. अंगणभर धावणारं पोर भिंतीला टेकून बसायला लागलं.

सासू म्हणाली, "मरळीचं सार पाजलं की पोर उभं राहतं. तुझ्या नवऱ्याला मी तेच पाजलं होतं."

"मग मरळ धरायला हवी, आत्याबाई."

"हवी तर. पण माझे गुडघे काही घाटाच्या पायऱ्या उतरायचे नाहीत. तुलाच जावं लागेल."

आता मरळ म्हणजे तळ्यातली दांडगी बाई. लव्हाळ्यात दबा धरून बसते. गळाला लागली की दोरीसकट वेलींत घुसते. आणि पावसाळ्यात पोट भरलेलं असलं, तर नाकासमोरून बेडकांची वरात गेली तरी जागची हलत नाही. ती धरायची तर काठी कशी, दोरी कशी, आमिष कोणतं, हे सगळं नीट जुळावं लागतं. निदान गावात सगळे असंच म्हणत.

आई घाटावर गेली. तिथे दोघे म्हातारे भाऊ बसलेले असत. दोघांनी सगळं आयुष्य त्याच दगडावर बसून मासे धरण्यात आणि भांडण्यात घालवलं होतं.

थोरला म्हणाला, "सूनबाई, मरळीला काठी कडक हवी. लागली की एका हिसक्यात बाहेर काढायची. ती एकदा गवतात शिरली की दोरीही गेली आणि मासाही गेला."

"ह्याचं ऐकशील तर फसशील," धाकटा म्हणाला. "कडक काठीने हलकं आमिष फेकलं तर ते तुझ्याच पायाशी पडतं. काठी शेंड्याला लवणारी हवी. मासा ओढतो तेव्हा काठीने वाकायला पाहिजे."

"वाकून वाकून तुझ्या किती मरळी गवतात गेल्या ते सांग की तिला!"

"आणि तुझ्या किती जबडा फाडून गेल्या ते तू सांग!"

आईने दोघांकडे पाहिलं. तिला दोघांचंही पटलं. म्हणून तिने दोघांच्याही काठ्या मागून घेतल्या.

धाकट्याच्या टोपलीत तेव्हा एक चांगली हातभर मरळ पडली होती. तो ओशाळून म्हणाला, "ही आत्ताच लागली बघ. पण तुला द्यायची सोय नाही. पोर आजारी आहे ना."

"हो ना," आई म्हणाली. आणि तिघंही त्या मरळीकडे पाहत बसले.

काठीच्या मुठीशी लाकडाची फिरकी असे आणि तिच्यावर दोरी गुंडाळलेली. थोरला म्हणे, फिरकी घट्ट ठेव, माशाला एक वीतही दोरी द्यायची नाही. धाकटा म्हणे, सैल ठेव, तो पळेल तेवढं पळू दे, दमला की आपोआप येतो. आईने एक घट्ट केली, एक सैल केली. घट्ट केलेली करकरायला लागली म्हणून तिने तिला तेल दिलं.

"फोडणीचं तेल फिरकीला घातलंस?" सासू चुलीपाशी बसून म्हणाली. "मग आमटीला काय, दोरीची फोडणी देऊ?"

आमिषं सुतारीण करायची. ती आपणहून टोपली घेऊन आली. टोपलीत कोंबड्याच्या पिसांची माशी होती, तांब्याची चकचकीत चकती होती, चिंध्यांचा उंदीर होता आणि सावरीच्या हलक्या लाकडाचा बेडूक होता.

"पाणी निवळ असेल तर पीस. गढूळ असेल तर चकती, ती लांबून चमकते. गवतात टाकायचं तर बेडूक. त्याच्या गळाची टोकं मी वर वळवलीत, वेलींत अडकायची नाहीत."

"आणि आभाळ भरून आलं तर?"

"तर काळा बेडूक."

"आणि आभाळ येऊन गेलं तर?"

सुतारणीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तर घरी जायचं," ती म्हणाली.

पण आईने टोपलीतलं सगळं ठेवून घेतलं.

त्या दिवसापासून आई सकाळी तळ्यावर जाई आणि दिवेलागणीला परत येई. एका खांद्यावर कडक काठी, दुसऱ्यावर लवचीक. पिसांची माशी बांधायची, फेकायची, आणि ती पाण्यावर टेकते न टेकते तोच तिला वाटायचं, चकती बरी होती. ओढून घ्यायची, गाठ सोडायची, चकती बांधायची. चकती बुडाली की उंदीर आठवायचा. कडक काठी हातात असली की डोळा लवचीक काठीवर. तिचं आमिष पाण्यात राहिलं त्याहून जास्त वेळ तिच्या मांडीवरच राहिलं.

संध्याकाळी ती बयोला भरवायला बसे. उजव्या हातात घास, डाव्या हातात दोरीची गुंतागुंत.

"आई, बघ ना," बयो म्हणे.

"बघते हं, बयो." आणि नजर गाठीवर.

बयो घासाकडे पाही, गाठीकडे पाही आणि मान फिरवी.

"दिवसभर दाराकडे डोळे लावून असतं पोर," सासू म्हणे.

"उद्या नक्की मिळेल, आत्याबाई. उद्या मी अगदी पहाटेच जाते."

सासू चुलीतलं लाकूड पुढे सारी. सार पाजायला हवं, हे तिनेच सांगितलं होतं. आता तिला तरी काय सुचणार होतं?

मग एके दिवशी सकाळी बयो अंथरुणातून उठलीच नाही. डोळे उघडे होते, पण मान उचलवत नव्हती. आवाज इतका बारीक झालेला, की आईला कान तोंडाशी न्यावा लागला.

"जाऊ नको."

"लगेच येते, राणी. मरळ घेऊन येते."

"मरळ नको."

आज काही झालं तरी रिकाम्या हाताने यायचं नाही, असं आईने ठरवलं. पदराच्या टोकाला धरलेली इवलीशी बोटं तिने एकेक करून सोडवली आणि ती निघाली.

तळ्याच्या पलीकडच्या कडेला, लव्हाळ्याच्या आत, पाण्यावर एक लाल सावली हलत होती. जवळ गेल्यावर दिसलं, ती मरळीची पिलं होती. शेंदरासारखी लाल, तांदळाएवढी बारीक, हजारोंनी. एकत्र वर यायची, एकत्र खाली जायची. थवा चांगला घोंगडीएवढा होता. आणि त्याच्या खाली, गढूळ पाण्यात, एक लांब काळी आकृती हळूहळू फिरत होती.

गावात लहान पोरालासुद्धा माहीत होतं, की लाल थव्यावर गळ टाकायचा नसतो. तिथे मरळ हमखास येते, म्हणूनच टाकायचा नसतो.

आईने मागे पाहिलं. घाट दूर होता. दोघे म्हातारे काठीवरून भांडत होते. इकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

माझं पोर, की तिची पोरं? असल्या प्रश्नाचं उत्तर आईला शोधावं लागत नाही. तिने लवचीक काठी घेतली, लाकडी बेडूक बांधला आणि तो थेट थव्याच्या मधोमध टाकला.

पाणी फुटलं. काळी आकृती बाणासारखी वर आली आणि बेडकाला अशी धडक बसली, की तो हातभर उडाला. आईने काठी उचलली. दोरी हलकी आली. गळ रिकामा.

तिने पुन्हा टाकला. पुन्हा धडक. पुन्हा रिकामा.

या खेपेला आईने आमिष बदललं नाही, की काठी बदलली नाही. टाकत राहिली. मरळ येत राहिली. सूर्य डोक्यावर आला आणि कलायला लागला. आईच्या खांद्यात कळा येऊ लागल्या. मरळीचं येणंही आता बाणासारखं राहिलं नाही; दमलेली बाई जिना चढते तशी ती वर यायला लागली. तिच्या कपाळावरची खवलं निघाली होती.

शेवटी एकदा मरळ श्वास घ्यायला वर आली आणि तिथेच थांबली. मरळीला हवा लागते. कितीही भांडण असलं तरी श्वासासाठी तिला वर यावंच लागतं.

"दमलीस का गं?" मरळीने विचारलं.

"दमले," आई म्हणाली.

"मीही."

थोडा वेळ दोघी नुसत्याच श्वास घेत राहिल्या.

मग आई चिडून म्हणाली, "सकाळपासून येतेयस. एकदा तरी तोंड का उघडत नाहीस?"

"मी काय खायला येतेय? हाकलायला येतेय. हाकलायला कपाळ पुरतं."

आईला खोटं रेटायचाही कंटाळा आला होता. ती म्हणाली, "अगं बाई, बेडूक लाकडाचा आहे."

"ठाऊक आहे. पहिल्याच धडकेला कळलं. खरा बेडूक इतका टणक नसतो."

"कळलं? मग धावतेस कशाला?"

"बसवत नाही," मरळ म्हणाली. "धावलं की आपण काहीतरी केलं, असं वाटतं. आणि समजा, पुढचा खरा निघाला तर?"

हे बोलणं आईने कुठेतरी ऐकलं होतं. रोज पहाटे, स्वतःच्याच मनात.

"आता तू सांग," मरळ म्हणाली. "मी तोंड उघडणार नाही, हे तुला कधी कळलं?"

"बराच वेळ झाला."

"मग टाकतेस कशाला?"

याचं उत्तर मरळीने देऊन झालं होतं.

तेवढ्यात मरळीच्या मागे पाणी हललं. एक पाणकावळा वर आला. त्याने मान उंच केली, गळ्यातलं खाली ढकललं आणि पुन्हा बुडी मारली. वर आला तेव्हा चोचीच्या कडेला काहीतरी लाल चिकटलेलं होतं.

आईने थव्याकडे पाहिलं. सकाळी घोंगडीएवढी असलेली पिलं आता पदराच्या टोकाएवढी उरली होती. मरळ बेडकाला धडकायला पुढे आली, की पाणकावळा मागून बुडी मारत होता. सकाळपासून तेच चाललं होतं. दोघींपैकी एकीनेही मागे वळून पाहिलं नव्हतं.

मरळीने आता पाहिलं. ती रडली का, ते सांगता येत नाही. पाण्यात ते कळत नाही. ती वळली आणि पाणकावळ्यावर अशी गेली, की तो पंख आपटत, शिव्या देत काठावर पळाला. मग ती उरलेल्या पिलांखाली जाऊन थांबली. पिलं तिच्या पाठीवर गोळा झाली.

आईच्या हातातली काठी सैल पडली आणि बेडूक पुन्हा पाण्यात टपकला. अगदी थव्याजवळ. मरळीचं शेपूट एकदा थरथरलं.

पण ती आली नाही.

आई किती तरी वेळ त्या न आलेल्या मरळीकडे बघत राहिली. मग तिला एकदम वाटलं, आपल्याही पाठीमागे काहीतरी आहे. पाठीमागे गाव होतं. गावात घर होतं. घरात बयो होती.

तिने काठ्या तिथेच टाकल्या आणि ती चालायला लागली. मग धावायला लागली.

"अगं सूनबाई, माझी काठी!" घाटावरून थोरला ओरडला.

"आणि माझी गं?" धाकटा ओरडला.

ती थांबली नाही.

सासू दारातच बसली होती. "मिळाली?"

"नाही, आत्याबाई."

"मग आता गं?"

"बयो?"

"आहे तशीच. पाण्याचा थेंबही घेतला नाही. हाका मारून मारून गप्प झाली आता."

"पेज आहे?"

"निवलीय."

"निवलेलीच द्या."

आईने बयोला उचललं. उचलताना तिला वाटलं, आपण कुणाचे तरी नुसते कपडेच उचलले. तिने तिला मांडीवर घेतलं आणि पेजेचं बोट तिच्या ओठांना लावलं. बयोने मान फिरवली.

लगेच आईच्या मनाने धाव घेतली. मीठ कमी असेल. लिंबाची फोड पिळावी. पेज ऊन करून आणावी. नाहीतर शेजारून ताक तरी... पाय उठायलाही लागले. पायांना सवयच ती. पण आज ती उठली नाही. काहीच केलं नाही. नुसती बसून राहिली. काहीच न करता बसणं हे दिवसभर काठी फेकण्याहून किती अवघड असतं, हे ज्याला बसावं लागलं आहे त्यालाच विचारावं.

बराच वेळ गेला. बयोने हळूच आईच्या हातांकडे पाहिलं. आधी एका, मग दुसऱ्या.

"काठी कुठेय?"

"तळ्यावर."

"उद्या जाशील?"

"नाही."

"परवा?"

"नाही गं, बयो."

बयोने यावर थोडा विचार केला. पोरं एवढ्या तेवढ्यावर विश्वास ठेवत नाहीत. मग तिने तोंड उघडलं, चिमणीच्या पिल्लाएवढं. आईने त्यात पेजेचं बोट घातलं. बयोने ते गिळलं. मग आणखी एक. मग तिला तिथेच झोप लागली, आणि वाटीत पेज तशीच उरली.

सासूने डोळ्यांना पदर लावला आणि ती म्हणाली, "धूर फार झालाय घरात." चूल तर केव्हाच विझली होती.

दुसऱ्या दिवशी सगळं ठीक झालं, असं काही नाही. दुसऱ्या दिवशी बयोने पुन्हा मान फिरवली. दुपारी दोन घास घेतले, संध्याकाळी ओकून टाकले. आई बसून राहिली. सुतारीण नवा बेडूक घेऊन आली, हिरवा, पोटाला पिवळा.

"याला नाही म्हणणारी मरळ अजून जन्मली नाही," ती म्हणाली.

"ठेवा तिकडे कोनाड्यात. मला उठवत नाही, मांडीला मुंग्या आल्यात."

"अगं, पण मरळ?"

"राहू दे."

घास वाढत गेले, पण फार सावकाश. पाऊस सरला. भातं पिवळी पडली तेव्हा बयो भिंत धरून उभी राहिली, आणि कापणीच्या दिवसांत तिने अंगणात कोंबडीचा पाठलाग केला. तो पाहून सासू इतकी हसली, की तिला गुडघ्यांचा विसर पडला.

मरळीचं सार मिळालं असतं तर पोर लवकर उठलं असतं का? कोण जाणे. असतंही कदाचित. आईने तो प्रश्न स्वतःला खूप वेळा विचारला आणि प्रत्येक वेळी अर्धवट सोडला.

पुढच्या वर्षी तळ्यात त्या कडेला मरळी कमी झाल्या. थोरला म्हणाला, लवणाऱ्या काठ्यांनी मासे बिथरतात. धाकटा म्हणाला, कडक काठ्यांनी पळतात. खरं कारण आईला माहीत होतं. पाणी भरायला जाताना त्या लव्हाळ्याशी तिची मान आपोआप खाली जाई.

तिची काळजी गेली, असंही समजू नका. ती कुठे जातेय? दूध अजूनही उतू जायचं. पण आता काळजी करायची झाली तर आई आधी बयोला जवळ घेऊन बसायची, आणि मग करायची.

म्हणून लहानथोरहो, एवढं ध्यानात असू द्या: काळजी ज्याच्यावर धावून जाते ते संकट पुष्कळदा लाकडाचं असतं, पण तिच्या पाठीमागे एकटं पडलेलं पोर खरं असतं.